आयपॉड का जिंकला? उत्तर 'गाणी भरण्यात' आहे

साधारण २००८ ते २०१२च्या काळात महाराष्ट्रात कुठल्याही एसटी स्टँडच्या आसपास फिरलात तर एखाद्या मोबाईलच्या दुकानाबाहेर पाटी दिसायचीच, 'मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील'. दहा-वीस रुपये द्यायचे, कार्ड काढून त्या काउंटरवरच्या पोराच्या हातात द्यायचं, जुनी हिंदी टाक, थोडे अभंग टाक, दोन-चार लावण्या टाक असं सांगायचं आणि चहा पिऊन यायचं, तोवर काम झालेलं असायचं. आता बघा, लोकांकडे गाणी वाजवणारं यंत्र होतं, गाणीही होती, अडत होतं ते मधेच. ती गाणी त्या यंत्रात जाणार कशी? बऱ्याच घरांत कॉम्प्युटर नव्हता, असला तरी ते काम जमत नव्हतं, आणि त्या मधल्या कामाचेच पैसे तो दुकानदार घेत होता.

आयपॉडची, म्हणजे ॲपलच्या खिशात मावणाऱ्या गाणी वाजवायच्या यंत्राची, गोष्ट मला या पाटीपासूनच सांगावीशी वाटते. कारण आयपॉड का चालला असं विचारलं की लोक म्हणतात दिसायला सुंदर होता, जाहिराती भारी होत्या, ॲपलचा प्रमुख स्टीव्ह जॉब्ज याला विकायची कला होती. हे सगळं खरंच आहे, पण देखणी यंत्रं बाकीच्यांकडेही होती आणि पैसा तर ॲपलपेक्षा कितीतरी जास्त होता. माझं म्हणणं असं आहे की बाकीचे यंत्र विकत होते आणि ॲपलने गाणी भरायचं काम सोपं केलं, आणि ते करताना सॉफ्टवेअर, केबल, चाक, नंतर दुकान अशी सगळी साखळी स्वतःच्या हातात ठेवली.

आधी थोडं मागे जाऊ. सीडीवरचं चार मिनिटांचं गाणं कॉम्प्युटरवर जसंच्या तसं उतरवलं तर साधारण ४० एमबी जागा खातं. एमपी३ ही पद्धत, जिच्यामागे जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेचं मोठं काम आहे, त्या गाण्यातलं जे आपल्या कानाला तसंही फारसं जाणवत नाही ते काढून टाकते आणि तेच गाणं ४ एमबीच्या आसपास बसवते. म्हणजे दहापट लहान. एवढं लहान झाल्यावर गाणी इंटरनेटवरून फिरायला लागली आणि खिशातही मावायला लागली.

खिशातलं पहिलं यंत्र ॲपलचं नव्हतंच. १९९८मध्ये कोरियातल्या सेहान कंपनीचा एमपीमॅन आला, त्याच वर्षी अमेरिकेत डायमंड कंपनीचा रिओ आला, साधारण २०० डॉलरला. रिओमध्ये मेमरी होती ३२ एमबी, म्हणजे हिशोब करा, आठेक गाणी, अर्धा तास. तेवढ्यासाठी २०० डॉलर! तरी अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेला त्याची एवढी धास्ती वाटली की ते कोर्टात गेले, पण १९९९मध्ये अपील कोर्टाने डायमंडच्या बाजूने निकाल दिला. हा निकाल लोक विसरतात, पण तो उलटा लागला असता तर पुढच्या सगळ्यांचाच रस्ता अवघड झाला असता, ॲपलचासुद्धा.

दुसरा मार्ग म्हणजे मेमरीच्या चिपऐवजी हार्ड डिस्क वापरायची. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने २०००मध्ये नोमॅड ज्यूकबॉक्स काढला, त्यात ६ जीबीची डिस्क होती, हजारभर गाणी मावायची. पण ती लॅपटॉपमधली अडीच इंची डिस्क, त्यामुळे यंत्र पोर्टेबल सीडी प्लेयरएवढं मोठं, आत चार पेन्सिल सेल आणि तेही चारेक तासांत संपणारे. म्हणजे एकीकडे लहान यंत्र पण आठ गाणी, दुसरीकडे हजारभर गाणी पण खिशात न मावणारं यंत्र, आणि मधे काहीच नाही.

ती मधली जागा भरायला एका सुट्या भागाची गरज होती आणि तो भाग ॲपलने बनवलेला नाही. ॲपलचे हार्डवेअर प्रमुख जॉन रुबिनस्टाईन २००१च्या फेब्रुवारीत जपानला तोशिबाकडे गेले होते, तिथे तोशिबाच्या लोकांनी त्यांना १.८ इंची, ५ जीबीची नवी डिस्क दाखवली. हिचं करायचं काय हे तोशिबालाच नीट ठरवता येत नव्हतं. रुबिनस्टाईनना मात्र लगेच कळलं, कारण असं काहीतरी बनवायचं हे त्यांच्या डोक्यात आधीपासून होतं आणि नेमका हाच भाग मिळत नव्हता. ॲपलने ती डिस्क स्वतःसाठी राखून घेतली आणि इथे स्पर्धकांची पहिली वाट बंद झाली.

मग टोनी फाडेल नावाच्या इंजिनिअरला, जो आधी फिलिप्समध्ये होता, आधी कंत्राटावर घेतलं. आतल्या चिपची आणि मूळ आराखड्याची जबाबदारी पोर्टलप्लेयर नावाच्या लहान कंपनीची, स्क्रीनवरच्या मेनूसाठी पिक्सो नावाच्या दुसऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर, बाहेरचं रूप ॲपलचा डिझायनर जोनी आइव्ह याच्या टीमचं, आणि फिरणाऱ्या चाकाची कल्पना ॲपलच्याच मार्केटिंगवाल्या फिल शिलरची. म्हणजे बघा, निम्मं सामान बाहेरचं होतं. आणि वर्ष संपायच्या आत तयार माल, २३ ऑक्टोबर २००१ला घोषणा. ५ जीबी, ३९९ डॉलर, आणि ओळख एका वाक्यात, खिशात १००० गाणी. तेव्हाच्या दराने १९ हजार रुपयांच्या आसपास होतात हे, खूपच महाग, आणि तेही फक्त ॲपलच्याच मॅक कॉम्प्युटरवर चालणारं.

आता आतलं कसं चालायचं ते सांगते, कारण मला यातला सगळ्यात आवडणारा भाग हाच आहे. डिस्क सतत फिरत राहिली तर बॅटरी पटकन संपते आणि चालताना धक्का बसला की गाणं अडखळतं. यावर उपाय आपल्या घरातल्या पाण्याच्या टाकीसारखा होता. आपण मोटर दिवसभर चालू ठेवत नाही, वरची टाकी भरून घेतो आणि मोटर बंद करतो, मग नळाला पाणी टाकीतून येत राहतं. आयपॉडमध्ये ३२ एमबीची मेमरी होती, ती टाकी. डिस्क थोडा वेळ फिरायची, पुढची काही गाणी त्या मेमरीत ओतायची आणि झोपी जायची, मग वीसेक मिनिटं गाणी मेमरीतूनच वाजायची. त्यामुळे बॅटरी दहा तास चालायची आणि पळताना गाणं तुटायचं नाही. गंमत म्हणजे रिओची जेवढी एकूण जागा होती तेवढी आयपॉडची नुसती टाकी होती.

आणि केबल. त्या वेळी सगळे यूएसबी वापरायचे, जुनं यूएसबी, ज्याचा कागदावरचा वेग सेकंदाला १२ मेगाबिट. त्यावरून ५ जीबी भरायला प्रत्यक्षात कित्येक तास लागायचे. ॲपलच्या मॅकमध्ये फायरवायर नावाची वेगळी केबल होती, वेग ४०० मेगाबिट, मूळची व्हिडिओ कॅमेऱ्यासाठी वापरात असलेली. तीच इथे लावली, तर एक अख्खी सीडी दहा सेकंदांत आणि हजार गाणी दहा मिनिटांत आत जायला लागली, वर त्याच केबलने चार्जिंग. हा फरक नुसता वेगाचा नाहीये हो. गाणी भरायला रात्र लागत असेल तर माणूस महिन्यातून एकदा भरतो, मग कंटाळतो, मग ते यंत्र ड्रॉवरमध्ये जातं. दहा मिनिटांत होत असेल तर रोज बदलतो आणि रोज वापरतो.

त्याच्याही आधी, जानेवारी २००१मध्ये, आयट्यून्स आलेलं होतं. साउंडजॅम नावाचा प्रोग्राम विकत घेऊन आणि त्यातली अर्धीअधिक बटणं काढून ॲपलने ते बनवलं. सीडी टाका, गाणी कॉम्प्युटरवर उतरतात, गाण्यांची नावं इंटरनेटवरून आपोआप येतात, यादी बनवा, आयपॉड जोडा, झालं. यातला विचार नीट समजून घेण्यासारखा आहे. बाकीच्या कंपन्या यंत्रातच सगळं कोंबत होत्या, यादी बनवा, नावं बदला, गाणी उडवा, सगळं त्या इवल्याशा स्क्रीनवर आणि चार बटणांवर. ॲपलने किचकट कामं सगळी कॉम्प्युटरवर ढकलली जिथे मोठा स्क्रीन आणि कीबोर्ड आहे, आणि खिशातल्या यंत्राला फक्त गाणं शोधणं आणि वाजवणं एवढंच ठेवलं. शोधायला ते चाक, हळू फिरवलं तर एकेक नाव पुढे सरकतं, सलग जोरात फिरवलं तर यादी धावायला लागते. हजार नावांतून बटण दाबत दाबत खाली जाऊन बघा म्हणजे त्या चाकाची किंमत कळेल.

माझा मावसभाऊ २००५मध्ये न्यू जर्सीहून आला तेव्हा मावशीसाठी आयपॉड घेऊन आला होता. मावशीकडे नाट्यगीतांच्या आणि अभंगांच्या पंचवीस-तीस सीडी. दादाने आणि मी बसून एकेक सीडी उतरवली, पण इंग्रजी गाण्यांची नावं जशी आपोआप यायची तशी आमच्या बऱ्याच सीडींची येईनात, नुसतं ट्रॅक ०१, ट्रॅक ०२. मग मावशी दोन ओळी ऐकून सांगायची हे कोणाचं, कुठल्या नाटकातलं, आणि मी रोमन अक्षरांत टाइप करत बसायचे, तीन दुपारी गेल्या त्यात. तेव्हाच मला पहिल्यांदा कळलं की एरवी ते आपोआप होणारं काम किती मोठं आहे.

असो, तर यंत्र उत्तम होतं पण खप लगेच झाला नाही हेही सांगायला हवं. २००१ संपेपर्यंत सव्वा लाख आयपॉड गेले. चांगला आकडा, पण बाजार काबीज करण्याचा नाही, कारण मॅक वापरणारे मुळातच शंभरात पाचसुद्धा नव्हते. विंडोजवर आयपॉड चालू द्यायला जॉब्जचा विरोध होता, त्याला वाटायचं आयपॉडसाठी लोक मॅक घेतील. त्याच्याच लोकांनी त्याच्याशी वाद घालघालून त्याला तयार केलं. २००२मध्ये विंडोजसाठीचा आयपॉड आला पण सोबत दुसऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर, म्हणजे साखळीची मधली कडीच उसनी. खरा बदल झाला १६ ऑक्टोबर २००३ला, विंडोजसाठी आयट्यून्स आलं तेव्हा. माझ्या मते आयपॉडची खरी जन्मतारीख हीच. आकडेच बघा ना, ॲपलच्या आर्थिक वर्ष २००३मध्ये साडेनऊ लाखांच्या आत विक्री, २००४मध्ये ४४ लाख, २००५मध्ये सव्वादोन कोटी, २००६मध्ये चार कोटींच्या जवळ. असा चढ एका चांगल्या जाहिरातीने येत नाही.

२००३मध्येच, २८ एप्रिलला, ॲपलने इंटरनेटवर गाण्यांचं दुकान उघडलं होतं. तेव्हाची परिस्थिती अशी की लोकांना एकमेकांची गाणी फुकट उतरवू देणारं नॅपस्टर कोर्टाच्या आदेशाने २००१मध्ये बंद पडलं होतं पण फुकट गाणी उतरवायची सवय गेली नव्हती, आणि रेकॉर्ड कंपन्यांनी स्वतः काढलेल्या सेवा इतक्या कटकटीच्या होत्या की महिन्याचे पैसे भरा आणि तरी गाणं तुमचं नाही. जॉब्जने पाचही मोठ्या कंपन्यांना राजी केलं, यात त्याचा एक मुद्दा असा होता की मॅकवाले आहेतच किती, काही बिघडलं तरी नुकसान ते किती होणार. म्हणजे जो कमीपणा होता तोच इथे उपयोगी पडला! एक गाणं ९९ सेंटला, पूर्ण अल्बम घ्यायची सक्ती नाही, सुरुवातीला दोन लाख गाणी, आणि पहिल्याच आठवड्यात दहा लाख गाणी विकली गेली.

या ९९ सेंटमधला मोठा वाटा रेकॉर्ड कंपन्यांकडे जायचा, ॲपलला त्यात फारसं सुटत नव्हतं. आपल्याला प्रिंटरवाल्यांचा धंदा माहीत आहे, प्रिंटर स्वस्तात द्यायचा आणि नंतर शाई महाग विकायची. ॲपलने बरोबर उलटं केलं, शाई जवळजवळ मुद्दलात दिली आणि पैसा प्रिंटरवर कमावला. गाणी विकायचं दुकान हे खरं तर आयपॉड विकायचं दुकान होतं.

आता कुलुपाबद्दल. या दुकानातल्या गाण्यांना फेअरप्ले नावाचं कुलूप होतं, म्हणजे ते गाणं खिशातल्या यंत्रांपैकी फक्त आयपॉडवर वाजायचं. त्यावरून बरेच जण म्हणतात की लोक अडकले म्हणून आयपॉड जिंकला. मला हे अर्धंच पटतं. २००७च्या फेब्रुवारीत जॉब्जने स्वतः लिहून प्रसिद्ध केलं होतं की तोवर ९ कोटी आयपॉड आणि २०० कोटी गाणी विकली गेली, म्हणजे एका आयपॉडमागे २२ गाणी. हजार गाण्यांत २२ म्हणजे तीन टक्केही नाही, बाकीची सगळी सीडीवरून उतरवलेली किंवा इकडून तिकडून आणलेली, बिनकुलपाची, कुठल्याही यंत्रावर वाजतील अशी. ज्याचं ९७ टक्के सामान सुटं आहे त्याला तीन टक्क्यांनी कसं बांधून ठेवणार? कुलपाचा खरा त्रास स्पर्धकांना झाला, कारण त्यांच्या दुकानातली कुलूपवाली गाणी आयपॉडवर चालायची नाहीत, आणि आयपॉडवर न चालणारं गाणं घेणार कोण. २००९मध्ये ॲपलच्या दुकानातल्या गाण्यांचं कुलूप पूर्ण निघालं तरी लोक तिथेच राहिले.

सोनीचं काय झालं हे मला सगळ्यात जास्त लागतं. चालता चालता गाणी ऐकायची सवय जगाला ज्यांनी लावली ते हे लोक, पहिला वॉकमन १९७९चा. त्यांच्याकडे कारखाने होते, बॅटरीचं ज्ञान होतं, नाव होतं, आणि १९८८मध्ये सीबीएस रेकॉर्ड्स विकत घेतल्यामुळे स्वतःची रेकॉर्ड कंपनीही होती. कागदावर बघितलं तर ॲपलपेक्षा सगळं जास्त. पण यंत्र बनवणाऱ्या विभागाला लोकांनी भरपूर गाणी भरावीत असं वाटायचं आणि रेकॉर्डवाल्या विभागाला कॉपीची भीती वाटायची, दोघं एकाच घरात. त्यातून तोडगा असा निघाला की सोनीच्या यंत्रावर एमपी३ थेट वाजणारच नाही, आधी ती सोनीच्या ॲट्रॅक प्रकारात बदला, मग त्यांच्याच सॉफ्टवेअरने यंत्रात टाका, आणि एक गाणं किती वेळा टाकायचं यावरही मोजदाद. ज्याच्या घरात पाचशे एमपी३ आधीच आहेत त्याने हे सगळं का करावं? शहाणपण आलं तेव्हा २००४ संपत आलं होतं, म्हणजे आयपॉड विंडोजवर पसरून वर्ष झालं होतं.

मायक्रोसॉफ्टचा घोळ वेगळ्या प्रकारचा. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये जे केलं तेच इथे करायला घेतलं, यंत्र कोणीतरी बनवेल, दुकान कोणीतरी चालवेल, सॉफ्टवेअर आमचं, आणि सगळ्यावर एकच शिक्का. पण कुठलं यंत्र कुठल्या दुकानाशी जुळेल याची खात्री ग्राहकाला वाटेना, आणि काही बिघडलं की एकजण दुसऱ्याकडे बोट दाखवणार. मग २००६मध्ये त्यांनी झून नावाचा स्वतःचा प्लेयर काढला, आणि त्यावर त्यांच्याच आधीच्या शिक्क्याची गाणी वाजेनात. ज्या कंपन्यांनी आणि ग्राहकांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला होता त्यांना असं वाऱ्यावर सोडलं.

ॲपलने मात्र या काळात एक धाडस केलं. २००४मध्ये आयपॉड मिनी आला होता, पाच रंगांचा, तुफान खपत होता. सप्टेंबर २००५मध्ये तो चालू गाडा थांबवून त्याजागी नॅनो आणला, डिस्कऐवजी फ्लॅश मेमरीवर, म्हणजे चिपवर, चालणारा, पेन्सिलीएवढा बारीक. आणि अडीच महिन्यांत सॅमसंग, तोशिबा, हायनिक्स, इंटेल, मायक्रॉन अशा पाच कंपन्यांशी २०१०पर्यंतच्या मेमरीचे करार केले, १२५ कोटी डॉलर आगाऊ मोजून. तोशिबाच्या डिस्कबाबतीत जे केलं तेच पुन्हा, भाग आधी आपल्याकडे. दुसऱ्या कोणाला तसाच बारीक प्लेयर त्याच किमतीत काढायचा तर मेमरी आणणार कुठून?

पांढऱ्या इअरफोनची जाहिरात, ती काळ्या सावल्या नाचणारी, तिचाही हातभार होताच, यंत्र खिशात असलं तरी पांढरी वायर रस्त्यावर दिसायची. चुकाही होत्या. बॅटरी ग्राहकाला स्वतः बदलता यायची नाही, त्यावरून अमेरिकेत लोक कोर्टात गेले आणि २००५मध्ये ॲपलला समझोता करावा लागला, आणि तो राग रास्तच होता. मेनूच्या रचनेच्या पेटंटवरून क्रिएटिव्हलाही २००६मध्ये १० कोटी डॉलर द्यावे लागले.

आपल्याकडे मात्र साखळीची शेवटची कडी फार उशिरा आली, आयट्यून्सचं गाण्यांचं दुकान भारतात उघडलं ते डिसेंबर २०१२मध्ये. तोपर्यंत इथे फोन आणि मेमरी कार्ड आलेलं होतं आणि आयट्यून्सचं काम एसटी स्टँडसमोरचा तो पोरगा करत होता.

विक्रीचं शिखर होतं आर्थिक वर्ष २००८, जवळजवळ साडेपाच कोटी आयपॉड. पण २००७मध्ये आयफोन आलेला होता, ज्याच्यात आयपॉड आतच होता, त्यामुळे पुढची उतरण ॲपलने स्वतःच्या हातानेच सुरू केली होती. चाकवाला मोठा आयपॉड क्लासिक २०१४मध्ये बंद केला, तेव्हा ॲपलचे प्रमुख असलेल्या टिम कुक यांनी कारण दिलं की त्याचे भागच आता मिळत नाहीत. नॅनो आणि शफल नावाचा आणखी एक लहान आयपॉड २०१७ला गेले आणि शेवटचा आयपॉड टच मे २०२२मध्ये.

मावशीच्या आयपॉडमधली डिस्क मध्यंतरी गेली, चालू केला की नुसती टिकटिक यायची. दादाने इंटरनेटवरून एक लहानसं अडॅप्टर मागवलं, मागचं स्टीलचं झाकण उघडून डिस्क काढली आणि नवी बॅटरी घातली. मग नाट्यगीतं पुन्हा भरली, आम्ही टाइप केलेल्या नावांसकट. डिस्कच्या जागी आता मेमरी कार्ड आहे.